सायनसमधील बुरशी : ऑपरेशन कशासाठी?

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ हे नाव घराघरांत पोहोचले. कोणाचा डोळा काढावा लागला, कोणाचा वरचा जबडा. तेव्हापासून ‘सायनसमध्ये बुरशी आहे, ऑपरेशन करावे लागेल’ असे डॉक्टर म्हणाले की घर हादरते. म्हणून आधी एवढे समजून घेऊ : बुरशीचे सगळे आजार सारखे नसतात.

गालाच्या व कपाळाच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. हवेतली बुरशी आपल्या सर्वांच्याच नाकात जाते. बहुतेकांना काही होत नाही. ज्यांना होते, त्यांच्यात मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

१) बुरशीचा गोळा : हा बहुधा एकाच बाजूला साठतो. नाकातून दुर्बीण घालून काढतात. सहसा बुरशीचे वेगळे औषध लागत नाही.

२) ॲलर्जीची बुरशी : नाकात मांस वाढते, घट्ट चिकट शेंबूड साचतो. दुर्बिणीने सफाई होते, पण ॲलर्जी राहतेच. डॉक्टरांनी दिलेला फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे सोडले, तर त्रास परत येतो. पाणी उकळून थंड केलेलेच घ्यावे.

३) पसरणारी बुरशी : काळी बुरशी यातलीच. शुगर ताब्यात नसलेल्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना हिचा धोका जास्त. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त थांबते, तो भाग मरतो. मेलेल्या भागात रक्त जात नाही, म्हणून औषधही पोहोचत नाही. तो काढावाच लागतो, कधी एकाहून जास्त वेळा. सोबत ॲम्फोटेरिसिनसारखे औषध आणि शुगरवर ताबा हवाच.

‘ऑपरेशनने डोळा गेला’ असे आपण ऐकतो. खरे तर बुरशी डोळ्यापर्यंत पोहोचलेली असते, म्हणून तो काढण्याची वेळ येते. लवकर गेलो तर वाचण्याची आशा जास्त.

शुगर असलेल्या माणसाचा एका बाजूचा गाल सुजला किंवा बधिर झाला, डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले, नाकातून काळसर पाणी आले, टाळूवर काळा डाग पडला, तर घरगुती वाफ घेत बसू नये. त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग गाठावा.

खर्चाच्या भीतीने थांबू नये. २०२१ मध्ये काळ्या बुरशीचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घेतले गेले होते. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्यावे, योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतात, त्यांना आधी विचारावे.