पोटाचं दुखणं : गोळी बदलू नका, कारण शोधा

वर्षावासात विहारातलं ग्रंथवाचन संपलं की आम्ही अर्धा तास आरोग्याच्या प्रश्नांसाठी थांबतो. गोराईच्या आमच्या वस्तीत कुणी साखरेचं विचारतं, कुणी रक्तदाबाचं. पण सगळ्यांत जास्त प्रश्न पोटाचे. "सिस्टर, पित्तावर एखादी चांगली गोळी सांगा ना." आम्ही गोळीचं नाव सांगत नाही. विचारतो, "मावशी, कधीपासून होतंय हे?" उत्तर येतं, "झाली की दोन वर्षं!"

दोन वर्षं पोट दुखतंय, दोन वर्षं गोळी चालू आहे आणि कारण मात्र कुणी शोधलेलं नाही. ताप हा स्वतः आजार नसतो, आजाराची खूण असतो. तसंच पित्त, गॅस, जुलाब, पोट साफ न होणं या खुणा आहेत. गोळीने खूण दबते, कारण तिथेच राहतं.

एका वहीने काय दाखवलं

घरकाम करणाऱ्या एका मावशींचं पोट असंच दुखायचं. सून म्हणे, तिखट फार खातात. शेजारीण म्हणे, काळजी करतात. कुणी तर करणीचंही सुचवलं. मेडिकलवाला दर वेळी नवी गोळी द्यायचा. आम्ही त्यांना एक वही दिली आणि आठवीतल्या नातीला सांगितलं, "आजी सांगेल तसं चौदा दिवस लिही."

नवव्या दिवशी वही पाहिली. दुखणं पहाटे तीन-चारला आणि रिकाम्या पोटी. दोन घास खाल्ले की कमी. सकाळी उठल्यावर मशेरी. गुडघ्यासाठी रोज एक दुखण्याची गोळी, तीही उपाशीपोटी. आणि नातीने लिहिलं होतं : "तीन दिवस संडास डांबरासारखी काळी." आम्ही त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात नेलं. हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. आत जखम होती, त्यातून रक्त जात होतं. धोक्याच्या खुणा आम्ही वही देतानाच सांगायला हव्या होत्या. ती आमची चूक. म्हणून आज त्या आधी सांगतो.

या खुणा दिसल्या तर वही नको, डॉक्टर गाठा

- डांबरासारखी काळी, चिकट शौच, शौचातून किंवा उलटीतून रक्त. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.)
- कारण नसताना वजन घटणं, संध्याकाळचा ताप, रात्री घाम.
- घास अडकणं, सतत उलट्या, पोट फुगून वारा-शौच बंद होणं.
- रक्त कमी झाल्याचं निघणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास.
- छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं. याला "गॅस" म्हणून सोडा पीत बसू नका. हा हृदयविकाराचा झटका असू शकतो.

कारण तिखटात नव्हतं

मावशींची दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी झाली. जखमेची दोन कारणं निघाली : रोजची दुखण्याची गोळी आणि 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' नावाचा जंतू. १४ दिवसांचा औषधांचा कोर्स झाला, दुखण्याची गोळी डॉक्टरांनी बदलली. मशेरी सुटायला वेळ लागला, पण सुटली.

हा जंतू कसा सापडला तेही सांगण्यासारखं आहे. पोटातला अल्सर काळजीने आणि मसालेदार खाण्याने होतो, असं मोठमोठे डॉक्टरही मानत होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली रुग्णांच्या जठरातून हा जंतू वाढवून दाखवला. लोक मानेनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतःच पिऊन पाहिला. थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. सगळे म्हणतात म्हणून एखादं कारण खरं ठरत नाही, तपासून ते ठरवावं लागतं.

या जंतूची तपासणी शौचाच्या नमुन्यावर किंवा श्वासावरही होते. पण पित्ताची गोळी चालू असेल तर जंतू असूनही तपासणीत दिसेलच असं नाही. ती साधारण दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावं लागतं. म्हणून घेतलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा.

वहीत काय लिहायचं

धोक्याची खूण नसेल तर दोन आठवडे रोज लिहा : काय खाल्लं आणि किती वाजता, दुखलं कधी, कुठे, खाण्याआधी की नंतर, शौच किती वेळा, पातळ की घट्ट, रंग कोणता, चहा, मशेरी, तंबाखू, दारू, मेडिकलमधून आणलेली प्रत्येक गोळी, बायकांनी पाळीच्या तारखा.

मग वहीच बोलू लागते. दूध प्यायल्यावर तासा-दोन तासांत गुडगुड आणि जुलाब होत असतील तर दूध पचत नसेल. दोन आठवडे बंद करून पाहा. जुलाब आणि आव असेल तर शौचाची तपासणी. जंत आणि आमांश एका नमुन्यात सापडतीलच असं नाही. वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावे लागू शकतात. थायरॉईड मंद असेल तर पोट साफ होत नाही, तेव्हा ती रक्ततपासणी विचारा. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर पित्ताशयातल्या खड्यासाठी सोनोग्राफी.

पार्सल पोहोचवणाऱ्या एका मुलाचं चार महिने पोट दुखत होतं. "बाहेरचं खातो ना!" म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. पँट सैल झाली, संध्याकाळी कणकण. शेवटी निघाला आतड्याचा टीबी. टीबी फक्त फुप्फुसात होत नाही. सरकारी उपचार मोफत आहेत, आणि सहा महिने गोळ्या पूर्ण घेतल्यावर तो मुलगा कामावर परतला.

काही कारणं पोटाबाहेर असतात

बद्धकोष्ठाची तक्रार करणाऱ्या बायकांना आम्ही विचारतो, पाणी किती पिता? बऱ्याच जणी म्हणतात, "कमीच पिते ताई, संडासला रांग असते, रात्री जायची भीती वाटते." शौच दाबून ठेवायची, पाणी टाळायचं, मग पोट कसं साफ होणार? इथे इसबगोलापेक्षा शौचालयाची कडी आणि दिवा महत्त्वाचा.

तसंच एकाच गल्लीत तीन-चार घरांत जुलाब सुरू झाले, तर कारण नळात शोधा. पाणी ठरावीक वेळच येतं. बाकी वेळ पाइपात दाब नसतो, आणि गटारातून गेलेल्या फुटक्या पाइपात घाण पाणी ओढलं जातं. पाणी खळखळ उकळून प्या, सुरुवातीचं गढूळ पाणी भरू नका, घरांची यादी करा आणि १९१६ वर तक्रार नोंदवा. मग महापालिकेच्या आर मध्य विभाग कार्यालयात सगळ्यांनी मिळून जा आणि तक्रार क्रमांकासह पाण्याची तपासणी मागा. पाण्याच्या हक्कासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला गेलेल्या समाजाला स्वच्छ पाणी मागायला संकोच कसला?

कुठे जायचं

आधी जवळचा महापालिका दवाखाना किंवा 'आपला दवाखाना'. पुढे कांदिवलीचं भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय, म्हणजे आपलं शताब्दी. पोटविकाराचे तज्ज्ञ लागले तर चिठ्ठी घेऊन केईएम, नायर किंवा सायन. बरोबर वही, जुने कागद आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या. डॉक्टरांपाशी वेळ थोडा असतो. वही असली की तो वाया जात नाही. आणि एकच प्रश्न न लाजता विचारा : "डॉक्टर, हे कशामुळे होतंय?"

त्या मावशी आता विहारात आल्या की नव्या बायकांना स्वतःच सांगतात, "गोळी मागू नका गं, आधी वही लिहा."