घटक ६ : घरचा संगणक : बिघाडाचे निदान आणि निगा

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस संगणकाच्या बिघाडाचे वर्णन नेमक्या शब्दांत करता येईल, कारणाचा शोध क्रमाने घेता येईल, मराठी मजकूर 'बिघडला' असे वाटते तेव्हा खरोखर काय झाले आहे हे ओळखता येईल आणि आपल्या लेखनाच्या सुरक्षित प्रती ठेवता येतील.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या अभ्यासक्रमात हा घटक पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटेल. त्याचे कारण व्यावहारिक आहे. दूरस्थ शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्ग, ग्रंथालय आणि लेखनाचे टेबल पुष्कळदा एकाच यंत्रात सामावलेले असते. ते यंत्र रात्री अकरा वाजता बंद पडले, स्वाध्याय सादर करण्याची मुदत दुसऱ्या दिवशीची असली आणि दुरुस्ती करणारा तालुक्याच्या गावी असला, तर विद्यार्थ्याला स्वतःचाच आधार उरतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आपणांपैकी अनेकजण प्रकल्पासाठी बोलीतील शब्द, म्हणी, जात्यावरच्या ओव्या गोळा करतात. वृद्ध निवेदकांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण करतात. संगणक पुन्हा विकत घेता येतो. ऐंशी वर्षांच्या आजींनी एका दुपारी म्हटलेल्या ओव्या मात्र त्याच एका डिस्कवर असतील आणि ती डिस्क निकामी झाली, तर त्या पुन्हा मिळतीलच असे नाही. म्हणून या घटकात यंत्र आणि मजकूर यांचा विचार वेगवेगळा केला आहे, आणि जेथे दोहोंपैकी एकच वाचवता येईल तेथे मजकुराची बाजू घेतली आहे.

६.२ तक्रारीची भाषा

'संगणक चालत नाही' हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. निदानासाठी मात्र ते जवळजवळ निरुपयोगी आहे. या एका वाक्याखाली किमान चार निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात.

बटण दाबल्यावर दिवा लागत नाही, पंख्याचा आवाजही येत नाही, ही पहिली अवस्था. येथे शंका विजेच्या मार्गावर घ्यावी : भिंतीवरील सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड, यूपीएस, वायर आणि शेवटी संगणकातील वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस. दुसऱ्या अवस्थेत दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. मॉनिटरची केबल सैल असणे किंवा रॅमची पट्टी आपल्या खाचेत नीट न बसणे ही याची नेहमीची कारणे होत. काही संगणक अशा वेळी ठरावीक संख्येने 'बीप' वाजवतात. ते किती वेळा व किती लांब वाजले हे मोजून ठेवावे. तिसऱ्या अवस्थेत निर्मात्याचे चिन्ह दिसते, परंतु पुढे डिस्क सापडत नसल्याचा संदेश येतो. हा संदेश दिसताच वारंवार चालू-बंद करण्याचा मोह आवरावा, कारण डिस्क मरणपंथाला लागली असेल तर प्रत्येक प्रयत्न तिच्या उरलेल्या आयुष्यातून वजा होतो. चौथ्या अवस्थेत संगणक सुरू होतो, पण संथ चालतो किंवा एखादाच प्रोग्रॅम उघडत नाही. यंत्र येथे बहुधा धडधाकट असते.

पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा उतरवून घ्यावा अथवा मोबाइलने त्याचे छायाचित्र काढावे. क्षेत्रीय अभ्यासात निवेदकाने उच्चारलेला शब्द आपण 'सुधारून' लिहीत नाही, तोच दंडक येथे लागू आहे. 'काहीतरी एरर आली' हे आपले भाष्य झाले. दुरुस्ती करणाऱ्याला हवा असतो तो मूळ पाठ.

६.३ एका वेळी एकच बदल

स्वनिमविचाराच्या घटकात आपण 'पाट' आणि 'वाट' अशा लघुतम जोड्या अभ्यासल्या आहेत. बाकी सर्व समान ठेवून एकच ध्वनी बदलला आणि अर्थ बदलला, म्हणजे तो भेद अर्थभेदक आहे असे आपण म्हणतो. बिघाडाचा शोधही याच पद्धतीने घ्यावयाचा असतो. पडदा काळा असेल तर प्रथम फक्त केबल बदलून पाहावी. फरक पडला नाही तर जुनी केबल पुन्हा लावून मॉनिटर दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावा. केबल, रॅम आणि सेटिंग एकदमच बदलले आणि संगणक सुरू झाला, तर आनंद होईल. पण दोष कोठे होता हे कळणार नाही, आणि तो परत आला की सारे पहिल्यापासून करावे लागेल.

याचे एक बोलके उदाहरण घेऊ. सात-आठ वर्षे जुना डेस्कटॉप संगणक आहे. सकाळी सुरू केल्यावर इंटरनेट जोडलेले दिसते, पण विद्यापीठाचे पान उघडत नाही. जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा येतो. विद्यार्थी इंटरनेट सेवेला दोष देतो. वास्तविक त्याने पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील तारीख पाहावयास हवी होती. तेथे कित्येक वर्षांपूर्वीचा दिनांक आहे! प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक प्रमाणपत्र असते व ते ठरावीक मुदतीपुरतेच वैध असते. संगणकाच्या समजुतीने 'आज' हा दिवस त्या मुदतीत बसत नाही, म्हणून तो पान उघडण्यास नकार देतो.

घड्याळ मागे का पडले? मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची तीन व्होल्टची लहान बॅटरी असते. बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती 'सीआर २०३२' या क्रमांकाची असते. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. हे निदान पडताळण्यासाठी आपली लघुतम जोडी अशी : तारीख दुरुस्त करून संगणक बंद करावा, पण एक रात्र भिंतीवरील बटण चालू ठेवावे, दुसऱ्या रात्री तेच बटण बंद करावे. पहिल्या सकाळी तारीख बरोबर आणि दुसऱ्या सकाळी चूक आढळली, तर दोष बॅटरीचाच होय. पहिल्या रात्री भिंतीकडून येणाऱ्या विजेवर घड्याळ चालले, दुसऱ्या रात्री त्याला कोणी वाली नव्हता. काटकसरी घरांत हा दोष लवकर उघडा पडतो, कारण तेथे रोज रात्री बटण बंद होते. ही बॅटरी स्वस्त असते व घड्याळांच्या दुकानातही मिळते. प्लग काढून, जुनी बॅटरी कोणत्या बाजूने बसवली आहे हे पाहून, नवी तशीच बसवावी आणि तारीख व वेळ पुन्हा लावावी. लॅपटॉपमध्ये मात्र हे काम जाणकारावर सोपवावे.

६.४ मराठी अक्षरे 'बिघडतात' तेव्हा

मराठीच्या विद्यार्थ्याला सर्वाधिक छळणारा दोष यंत्राचा नसतोच. मित्राने पाठविलेली फाइल उघडली, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. 'व्हायरस लागला' असा निष्कर्ष काढून फाइल पुसून टाकली जाते. वास्तविक मजकूर सुखरूप असतो.

संगणक अक्षरे साठवत नाही, संख्या साठवतो. कोणती संख्या म्हणजे कोणते अक्षर, याचा संकेत ठरलेला असावा लागतो. देवनागरीसाठी असा संकेत सर्वत्र रुळण्यापूर्वी मुद्रण व्यवसायाने एक युक्ती केली : रोमन अक्षरांच्याच संख्या वापरावयाच्या, आणि फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र ठेवावयाचे. कृतिदेव या फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द लिहिला, तर संगणकाच्या लेखी तेथे लहान ई, जे, के, मोठा बी आणि लहान एच अशी पाच रोमन अक्षरे असतात. फॉन्ट आहे तोवर डोळ्यांना 'मराठी' दिसते. तो नसलेल्या संगणकावर मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि 'म' हा कोणत्याही फॉन्टमध्ये 'म'च असतो.

निदान सोपे आहे. फाइलची एक प्रत करून घ्यावी, त्या प्रतीतील मजकूर निवडावा आणि त्याला मंगल किंवा नोटोसारखा युनिकोड फॉन्ट द्यावा. मराठी दिसू लागली, तर दोष फक्त फॉन्टच्या निवडीचा होता. रोमन अक्षरेच राहिली, तर फाइल जुन्या पद्धतीची आहे. ती मूळ फॉन्ट मिळवून वाचावी किंवा परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावी. परिवर्तनानंतर मुद्रितशोधन अनिवार्य समजावे. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे यांच्या जागा दोन्ही पद्धतींत भिन्न क्रमाने साठवल्या जातात, त्यामुळे चुका नेमक्या तेथेच होतात. अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दिसल्या, तर मजकूर बहुधा युनिकोडचाच आहे, केवळ त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही.

ठिपक्यांचे वर्तुळ दिसते तेव्हा गोष्ट निराळी असते. स्वरचिन्हाला आधाराचे व्यंजन मिळाले नाही, असे ते वर्तुळ सांगते. टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या व्यक्ती पहिली वेलांटी आधी उमटवितात, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो : प्रथम 'क', मग वेलांटी, आणि 'कि' हे रूप फॉन्ट घडवितो. लिपीच्या दृश्यरूपापेक्षा उच्चारक्रमाला मान देणारी ही व्यवस्था प्रस्तुत लेखकास भाषावैज्ञानिक दृष्ट्या अधिक समाधानकारक वाटते, जरी जुन्या टंकलेखकांची बोटे तिच्यावर अद्याप रुष्ट आहेत.

'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद मराठी वाचकाला सांगावयास नको. परंतु 'र', हलन्त आणि 'य' असे टंकित केले, की संगणक रफारच देणार. 'दऱ्या' हवे असेल तर इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून 'र'ची कळ वापरावी, म्हणजे 'ऱ' मिळतो. त्यापुढे हलन्त व 'य' द्यावा. हेच रूप 'र', हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही साधता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला ती दोन भिन्न शब्दरूपे वाटू शकतात. आपल्या शब्दसंग्रहात 'दऱ्या' असूनही शोध घेता सापडत नसेल, तर हे कारण तपासावे. प्रकल्पाच्या आरंभीच दोहोंपैकी एक पद्धत निश्चित करावी. शेकडो नोंदी झाल्यावर ती बदलणे जिकिरीचे असते.

६.५ संथपणा, धूळ आणि वीज

संथपणाच्या तक्रारीत पहिला उपाय 'रीस्टार्ट' हाच होय. विंडोज ८ पासून पुष्कळ संगणकांत 'शट डाउन' केल्यावर प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते व दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा उचलली जाते. अशा संगणकावर 'मी रोज बंद करतो' हे म्हणणे खरे असूनही पुरेसे नसते. 'रीस्टार्ट' मात्र गाभा नव्याने सुरू करतो. त्यानेही भागले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि मेमरी किंवा डिस्क कोण अडवून बसले आहे ते पाहावे. मुख्य डिस्क काठोकाठ भरली असेल तर आधी जागा करावी.

धूळ पंख्यात व जाळीत साचली की उष्णता बाहेर पडत नाही आणि संगणक स्वतःचा वेग कमी करतो. मऊ ब्रशने, प्लग काढून, अधूनमधून सफाई करावी. भरतकामाचे आच्छादन संगणक बंद असतानाच शोभते. लॅपटॉप गादीवर ठेवून काम केल्यास त्याचा हवेचा मार्ग बुजतो. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लग काढावा, आणि इंटरनेट तारेवाटे येत असेल तर तीही सोडवावी.

एसएमपीएसची पेटी स्वतः उघडू नये; प्लग काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहू शकतो. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली तर वापर व चार्जिंग तत्काळ थांबवावे, ती दाबू वा टोचू नये. आणखी एक सावधगिरी : 'आपला संगणक बाधित झाला आहे, या क्रमांकावर फोन करा' असा संदेश पडद्यावर आला, तर तो बिघाड नसून फसवणूक समजावी. अशा व्यक्तीला संगणकाचा दूरस्थ ताबा देऊ नये. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

६.६ मजकुराच्या प्रती

प्रतींविषयी रूढ असलेला संकेत तीन-दोन-एक असा सांगितला जातो : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. संगणकावरील मूळ फाइल, पेन ड्राइव्ह किंवा बाह्य डिस्कवरील दुसरी आणि ऑनलाइन साठवणीतील तिसरी, एवढ्याने तो पाळला जातो. एकाच डिस्कवर दोन फोल्डरांत ठेवलेल्या प्रती या हिशेबात एकच धराव्यात. बाह्य डिस्क कायम जोडलेली ठेवू नये. विजेचा तडाखा अथवा खंडणीखोर प्रोग्रॅम मूळ फाइलसह तिलाही गाठतो. प्रत घेतल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत आहे हे संकटाच्या दिवशी कळणे, ही प्रत नसल्याहून वाईट गोष्ट आहे.

फाइल चुकून पुसली गेली आणि रिसायकल बिनमध्येही नाही, तर त्या संगणकाचा वापर ताबडतोब थांबवावा. जुन्या प्रकारच्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल, तिच्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, पुष्कळदा परत मिळू शकते. एसएसडीवर ही शक्यता बरीच कमी असते.

सादर करावयाचा अहवाल पीडीएफ रूपात द्यावा. त्यात फॉन्ट समाविष्ट केलेला असल्यास अक्षरे सर्वत्र सारखी दिसतात. पण मूळ फाइल टाकून देऊ नये. पीडीएफमधून मराठी मजकूर परत उचलताना वेलांट्या व जोडाक्षरे अनेकदा विस्कटतात.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. आपल्या वा शेजाऱ्याच्या संगणकाची एखादी तक्रार 'चालत नाही' हे शब्द न वापरता पाच वाक्यांत लिहा.

२. एखादी जुनी मराठी फाइल मिळवून ती युनिकोडमध्ये आहे की नाही, हे वर दिलेल्या चाचणीने ठरवा व निरीक्षण नोंदवा.

३. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन्ही शब्द टंकित करा. प्रत्येकासाठी दाबलेल्या कळांचा क्रम लिहून काढा.

४. आपल्या प्रकल्पातील सर्वांत अमूल्य फाइल कोणती? तिच्या आज किती प्रती आहेत व त्या कोठे आहेत, हे लिहा. उत्तर 'एक' असल्यास पुढील घटक वाचण्यापूर्वी दुसरी प्रत करावी.