गेम तपासण्याचं काम : कर्ज मंजूर करण्याआधी समजून घेऊ



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत कर्जमागणी आली, पन्नास हजारांची. मुलीला 'गेम टेस्टर'चा कोर्स करायचा होता. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. अर्ज वाचून झाला आणि एक मावशी म्हणाल्या, "आम्ही पोरांच्या हातातून मोबाईल काढून घेतोय, आणि ही खेळायला पैसे मागतेय!" सगळ्या हसल्या. पण निर्णय कुणालाच घेता येईना. मला विचारलं, तर मलाही धड सांगता आलं नाही. शेवटी अर्ज पुढच्या बैठकीवर ठेवला.

मग मी माहिती गोळा केली. असा अर्ज उद्या तुमच्याही गटात येऊ शकतो, म्हणून या महिन्याचा पाठ हाच.

आधी एक गैरसमज दूर करू

गेम म्हटलं की आपल्याला रमी आणि पैसे लावायचे ॲप आठवतात. ते वेगळं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून बंदी घातली आहे. आपण बोलतोय ते साध्या गेमबद्दल, मोबाईलवर, कॉम्प्युटरवर किंवा टीव्हीला यंत्र जोडून खेळायच्या. सिनेमासारखा हाही मोठा उद्योग आहे. आपल्या पुण्यातही तो आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचं कार्यालय पुण्यात 2008 पासून आहे. 'इंडस' हा गेम बनवणारी सुपरगेमिंग ही कंपनीही पुण्याचीच.

गेम लोकांच्या हातात जाण्याआधी त्यातल्या चुका शोधाव्या लागतात. ते काम करणारा तो टेस्टर, म्हणजे तपासनीस. चुकीला तिथे 'बग' म्हणतात.

तपासणी कमी पडली तर काय होतं? पोलंडच्या एका कंपनीने 10 डिसेंबर 2020 ला 'सायबरपंक 2077' नावाचा गेम आणला. जगभर त्याची वाट पाहिली जात होती. पण जुन्या यंत्रांवर तो अडकायचा, मध्येच बंद पडायचा. आठवडाभरात सोनी कंपनीने तो आपल्या ऑनलाईन दुकानातून काढला आणि लोकांना पैसे परत द्यायची तयारी दाखवली. तो दुकानात परत आला जून 2021 मध्ये. एवढी मोठी कंपनी, पण चुकांसकट माल बाहेर गेला आणि नाव खराब झालं.

काम खेळायचं नाही, बघून लिहायचं

आपल्यातल्या काही गटांनी शाळेचे गणवेश शिवलेत. समजा, शर्ट तपासणारी ताई म्हणाली, "शिलाई बरोबर नाही." शिवणारीला त्यातून काय कळणार? तीच म्हणाली, "30 साईजच्या शर्टाचं तिसरं काज अर्धा इंच खाली आलंय, दहा शर्टांपैकी सात शर्टांत," तर पाच मिनिटांत दुरुस्ती होते. गेम टेस्टरचं काम हेच.

काज दुरुस्त झाल्यावर कॉलर तर बिघडली नाही ना, म्हणून आपण शर्ट पुन्हा बघतो. गेममध्येही चूक दुरुस्त झाली की आधीचं सगळं पुन्हा तपासतात. म्हणजे एकच दार शंभर वेळा उघडायचं, एकाच भिंतीला सगळ्या बाजूंनी धडका द्यायच्या, तोच गेम वीस वेगवेगळ्या मोबाईलवर चालवायचा. महिनोन्‌महिने एकच गेम. ज्याला खेळायला आवडतं तो यात कंटाळतो. ज्याला बारकाईने बघायला आणि चिकाटीने नोंद करायला आवडतं तो टिकतो.

चुकीची नोंद कशी असते ते बघा. मोबाईलवरचा गाड्यांच्या शर्यतीचा एखादा गेम आहे असं समजा.

- शीर्षक : शर्यत चालू असताना फोन आला की गेमचा आवाज बंद होतो.
- कशावर तपासलं : मोबाईलचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, गेमची आवृत्ती.
- पायऱ्या : 1. गेम उघडा. 2. दुसरी शर्यत सुरू करा. 3. दुसऱ्या मोबाईलवरून फोन करा. 4. फोन कट करून गेममध्ये परत या.
- काय व्हायला हवं : आवाज पुन्हा सुरू व्हायला हवा.
- काय झालं : आवाज येत नाही. गेम बंद करून उघडला तरच येतो.
- किती वेळा झालं : 5 पैकी 5 वेळा.
- पुरावा : स्क्रीनचा व्हिडिओ.

यात 'मला वाटतं' कुठेच नाही. न पाहिलेल्या माणसालाही या पायऱ्या करून तीच चूक दिसली पाहिजे. गटाचं रोखपुस्तक लिहिणाऱ्या ताईला हे लगेच कळेल. 'हिशोब जुळत नाही' एवढं म्हणून भागत नाही, कुठल्या तारखेच्या कुठल्या नोंदीत फरक आहे ते दाखवावं लागतं.

काय लागतं?

गेम टेस्टरसाठी एकच ठरलेली पदवी नाही. तीन गोष्टी मात्र लागतातच. पहिली, साधं सरळ इंग्रजी लिहिता येणं, कारण नोंद वाचणारा बऱ्याचदा परदेशात बसलेला असतो. दुसरी, कॉम्प्युटर आणि एक्सेल नीट हाताळता येणं. तिसरी, चिकाटी.

सराव फुकट करता येतो. प्ले स्टोअरवर काही गेमच्या पानावर खाली 'बीटा'मध्ये सामील व्हायचा पर्याय असतो. त्यात नवी आवृत्ती आधी मिळते आणि आपलं मत कळवता येतं. 'सुपरटक्सकार्ट' हा गेम मोफत आहे आणि त्याच्या चुकांची यादी सगळ्यांना इंटरनेटवर वाचता येते. इतरांनी नोंदी कशा लिहिल्यात ते बघून आपल्याही लिहिता येतात. अशा वीस चांगल्या नोंदी जवळ असतील, तर मुलाखतीत दाखवायला काहीतरी असतं.

प्रमाणपत्र हवंच असेल तर सॉफ्टवेअर तपासणीची आयएसटीक्यूबी नावाची परीक्षा जगभर मानली जाते. पहिल्या पातळीला 40 प्रश्न, 60 मिनिटं आणि पास व्हायला 26 गुण. अभ्यासक्रम त्यांच्या वेबसाईटवर मोफत मिळतो, परीक्षेची फी तेवढी लागते. याचा एक फायदा आहे. हेच ज्ञान बँकेचं ॲप किंवा दवाखान्याचं सॉफ्टवेअर तपासायलाही चालतं. गेमच्या नोकऱ्या मोजक्या असतात, म्हणून मुलांनी दोन्ही दारं उघडी ठेवावीत.

नोकरी लागल्यावर

गोड चित्र रंगवत नाही. सुरुवातीच्या बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी असतात. एक गेम संपला की पुढचं काम मिळेलच असं नाही. गेम बाजारात यायच्या आधी तास वाढतात. अमेरिका-युरोपच्या वेळेनुसार रात्रपाळीही असू शकते. मुलगी जाणार असेल तर हे माहीत असू द्या : आपल्या राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि संमती दिली तर सुरक्षिततेची आणि घरापर्यंत पोहोचवण्याची सोय मालकाने करायची असते.

कंत्राटी कामाचा प्रश्न सगळीकडे आहे. अमेरिकेत रेव्हन सॉफ्टवेअर या कंपनीत डिसेंबर 2021 मध्ये काही कंत्राटी तपासनीसांना काढायचं ठरलं. बाकीच्या तपासनीसांनी काम थांबवलं आणि संघटना बांधली. मे 2022 मध्ये मतदान झालं, 19 विरुद्ध 3 मतांनी संघटना मंजूर झाली. एकटीचं कुणी ऐकत नाही, दहाजणींचं ऐकतात. हे आपल्याला काय कुणी शिकवायला नको!

टिकलेल्याला पुढे वाट आहे. टेस्टर, मग सीनियर टेस्टर, मग टीमचा प्रमुख. कोडिंग शिकलं तर तपासणी आपोआप करणारे प्रोग्राम लिहिण्याचं कामही करता येतं.

फसवणूक ओळखा

- नोकरीसाठी आधी पैसे मागणारी कंपनी खरी नाही. 'नोंदणी फी', 'लॅपटॉपची अनामत', 'सिक्युरिटी' अशी नावं देतात.
- 'घरी बसून गेम खेळा, रोज हजार कमवा' असा व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरचा मेसेज. आधी शंभर-दोनशे देतात, मग मोठी रक्कम भरायला लावतात.
- 'शंभर टक्के नोकरीची हमी', पण कागदावर लिहून द्यायला तयार नाहीत.

पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच 1930 नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

त्या अर्जाचं काय झालं?

आम्ही ताईंना सांगितलं, क्लासवाल्यांना तीन प्रश्न विचारा. मागच्या वर्षीची किती मुलं कुठल्या कंपनीत लागली? त्यातल्या दोघांशी बोलता येईल का? हमी लेखी देता का? पहिल्या दोन प्रश्नांना 'ऑफिसला या, सांगतो' एवढंच उत्तर मिळालं. तिसऱ्यानंतर त्यांचा फोन यायचा बंद झाला.

मुलीला सांगितलं, महिनाभर रोज एक तास घरी सराव कर. तिने अकरा नोंदी लिहिल्या. पहिल्या चार वाचून काहीच कळत नव्हतं. अकरावी वाचून मी माझ्या मोबाईलवर तीच चूक करून बघितली, आणि झाली! इंग्रजी अजून कच्चं आहे, ते तीही कबूल करते. ताईंनी पन्नास हजारांचा अर्ज मागे घेतलाय. आता जुन्या लॅपटॉपसाठी अठरा हजारांची मागणी आहे. ती या महिन्याच्या बैठकीत येईल. निर्णय गटाचा.

बैठकीत चर्चेसाठी

1. शिक्षणासाठी कर्ज मागितलं तर आपला गट कोणते तीन प्रश्न विचारेल? ते ठरावात लिहा.
2. फी क्लासला एकदम भरायची की टप्प्याटप्प्याने?
3. आपल्या गावात मोफत सराव करू शकेल अशी किती मुलं-मुली आहेत? यादी करा. ग्रामीण तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेतून मोफत प्रशिक्षण मिळतं. त्यात कॉम्प्युटरची बॅच आहे का, ते तालुक्याच्या उमेद कार्यालयात विचारा.
4. घरी करून बघा : मोबाईलमधल्या कुठल्याही ॲपमधली एक चूक शोधा आणि वरच्या नमुन्याप्रमाणे मराठीत लिहा. पुढच्या बैठकीत शेजारच्या ताईला वाचायला द्या. तुम्हाला न विचारता तिला ती चूक सापडली, तर पाठ जमला.