दुधाची परीक्षा आणि विद्यापीठाचें दार

विद्यापीठ म्हटलें म्हणजे उंच मनोऱ्याची इमारत, ग्रंथांनीं भरलेलीं कपाटें, आणि पदवीदानाच्या दिवशीं काळे झगे घालून चालणारे विद्वान असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. गवळी, लोहार, विणकर, शेतकरी यांचा त्या इमारतीशीं कांहीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु विद्यापीठांत सिद्ध झालेलें ज्ञान शेजारच्या धंद्यांपर्यंत पोहोंचवावें, आणि धंद्यांतील अडचण विद्यापीठांत आणून तिचा उलगडा करावा, यासाठीं आज अनेक देशांत मुद्दाम केंद्रें स्थापिलेलीं आहेत. हा संबंध कसा जडतो, त्यापासून कोणाचें हित होतें, आणि त्यांत कोणता धोका असतो, याचा विचार आम्ही या पाठांत करणार आहों.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं गाई-म्हशी आहेत त्यांस दूध डेअरींत घालण्याचा प्रसंग रोज येतो. तेथें केवळ माप पाहून पैसे देत नाहींत. दुधाचा नमुना घेऊन त्यांत स्निग्धांश किती आहे हें पाहतात, आणि त्या मानानें दर ठरवितात. “आज फॅट किती लागली?” हा प्रश्न आतां खेड्यापाड्यांत घरगुती झाला आहे. परंतु दुधांतील स्निग्धांश झटपट मोजण्याची सोपी रीत कोणासच ठाऊक नव्हती, असा काळ फार मागें गेलेला नाहीं. ती रीत अमेरिकेंतील एका विद्यापीठांत कशी निघाली, हें पाहिलें असतां आमचा विषय आपोआप स्पष्ट होईल.

विस्कॉन्सिन हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं उत्तरेकडील एक संस्थान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथें गव्हाचें पीक मोठें होतें. परंतु वर्षानुवर्षें तेंच पीक घेतल्यामुळें जमिनीचा कस गेला, किडीनें उभें पीक खाल्लें, आणि शेतकरी गाई पाळून लोणी व चीज करण्याच्या धंद्याकडे वळले. दूध कारखान्यांत जाऊं लागलें तेव्हां एक नवीच अडचण उभी राहिली. दुधाचे पैसे वजनावर मिळत. मग कोणी त्यांत पाणी घाली, कोणी वरची साय काढून घेऊन उरलेलें दूध पाठवी. घट्ट व निर्भेळ दूध आणणारा प्रामाणिक शेतकरी आणि पाणी घालणारा लबाड शेतकरी यांस सारखाच मोबदला मिळे. म्हणजे लबाडीस बक्षीस आणि सचोटीस दंड! शलमोनाच्या नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा निषेध केलेला आहे; परंतु येथें तराजू खरा असूनहि न्याय खोटा होत होता. कारण जें मोजावयास पाहिजे होतें तें त्या तराजूंत मोजलेंच जात नव्हतें.

मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या शेतकी विभागाचे प्रमुख विल्यम हेन्री यांनीं ही अडचण आपल्या रसायनशास्त्रज्ञापुढें मांडली. त्यांचें नांव स्टीफन मोल्टन बॅबकॉक. यांचा जन्म १८४३ सालीं झाला. जर्मनींतील गॉटिंगेन विद्यापीठाची पदवी त्यांनीं १८७९ सालीं मिळविली होती. दुधांतील स्निग्धांश काढण्याच्या रीति प्रयोगशाळांत पूर्वींहि होत्या; परंतु त्यांस वेळ फार लागे, नाजूक उपकरणें लागत, आणि रसायनशास्त्राचें शिक्षण घेतलेला माणूस लागे. खेड्यांतील कारखान्यांत रोज पन्नास नमुने तपासावयाचे तर असल्या रीतीचा उपयोग काय?

बॅबकॉक यांनीं शोधलेली रीत अशी आहे. लांब मानेच्या कांचेच्या बाटलींत ठराविक मापाचें दूध घालावयाचें. त्यांत जवळजवळ तितकेंच तीव्र गंधकाम्ल ओतावयाचें. दुधांत स्निग्धांशाचे अत्यंत बारीक कण तरंगत असतात, आणि त्यांच्याभोंवतीं प्रथिनांचें पातळ वेष्टण असतें. आम्ल हें वेष्टण विरघळवून टाकतें. मिश्रण तापून काळसर तांबूस होतें, आणि स्निग्धकण मोकळे होतात. मग बाटली एका यंत्रांत ठेवून गरगर फिरवितात. फिरण्याच्या वेगानें जड आम्ल बाटलीच्या तळाकडे जातें, आणि हलका स्निग्धांश मानेकडे येतो. वरून गरम पाणी घातलें म्हणजे तो मानेंत चढून उभा राहतो. मानेवर रेघा आखलेल्या असतात. त्या वाचल्या कीं शेंकडा प्रमाण कळलें! लिहितां-वाचतां येणाऱ्या कोणत्याहि काळजीपूर्वक माणसास हें काम थोड्या दिवसांत साधतें. (गंधकाम्ल अंगावर उडाल्यास भयंकर भाजतें, म्हणून विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीशिवाय कदापि करूं नये.)

या शोधाची एक हकीकत सांगतात, ती ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. रीत जवळजवळ सिद्ध झाली होती; परंतु विद्यापीठाच्या गोठ्यांतील एका गाईच्या दुधाचें उत्तर कांहीं केल्या बरोबर येईना. एका गाईसाठीं काय अडून बसावयाचें, रीत प्रसिद्ध करून टाकावी, असा आग्रह झाला. बॅबकॉक यांनीं तो मानला नाहीं. ज्या शेतकऱ्याच्या दावणीस तशीच गाय असेल त्याचें नुकसान करण्याचा आपणांस अधिकार नाहीं, हें त्यांच्या वर्तनाचें मर्म होतें. त्या गाईचें उत्तर बरोबर आल्यावरच, १८९० सालच्या जुलै महिन्यांत, ही रीत छापून प्रसिद्ध झाली. त्यांनीं तिचें पेटंट घेतलें नाहीं. पेटंट म्हणजे शोध लावणाराच्या परवानगीवांचून तो शोध दुसऱ्या कोणास ठराविक मुदतीपर्यंत वापरतां येऊं नये, असा सरकारनें दिलेला हक्क. बॅबकॉक यांची रीत पहिल्या दिवसापासून सर्वांस मोकळी होती.

त्याच वर्षीं विद्यापीठानें दुग्धव्यवसायाचा अल्प मुदतीचा वर्ग काढला, आणि तेथें शिकलेले तरुण ही बाटली घेऊन गांवोगांवच्या कारखान्यांत गेले. दुधांत पाणी घालणें आतां तोट्याचें झालें. शिवाय कोणती गाय खरोखर किफायतशीर आहे हें शेतकऱ्यास प्रथमच कळलें, आणि त्यानें आपलीं जनावरें सुधारलीं. याच सुमारास स्वित्झर्लंडमध्यें गर्बर यांनीं अशाच तत्त्वाची दुसरी रीत काढली. आमच्याकडील डेअऱ्यांत गर्बर यांची रीत फार काळ चालत आली आहे. अलीकडे पुष्कळ ठिकाणीं विजेवर चालणारें यंत्र आलें आहे. परंतु सायीनें दुधाची किंमत ठरवावी हा न्याय तोच आहे.

आतां दुसरें उदाहरण पाहूं, कारण ज्ञान मोकळें सोडणें हा एकच मार्ग आहे असें नाहीं. त्याच विद्यापीठांत हॅरी स्टीनबॉक हे संशोधक होते. लहान मुलांस मुडदूस होऊन त्यांचीं हाडें वांकतात, आणि ‘ड’ जीवनसत्त्वानें हा रोग टळतो, ही गोष्ट तोंपर्यंत कळली होती. १९२३ सालीं स्टीनबॉक यांस असें दिसून आलें कीं, कांहीं खाद्यपदार्थांवर अतिनील किरण सोडले असतां त्यांत हें जीवनसत्त्व उत्पन्न होतें. त्यांनीं आपल्या पदरचे तीनशें डॉलर खर्चून पेटंटाचा अर्ज केला. क्वेकर ओट्स कंपनी त्यांस नऊ-दहा लक्ष डॉलर देऊं करीत होती. ते त्यांनीं घेतले नाहींत. विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनीं १९२५ सालीं ‘विस्कॉन्सिन अ‍ॅलम्नाय रिसर्च फाउंडेशन’ ही संस्था काढली, आणि तिच्या स्वाधीन हा हक्क करण्यांत आला. कंपन्यांनीं संस्थेस फी द्यावी, संस्थेनें त्यांचा माल तपासावा, आणि मिळालेला पैसा पुन्हां विद्यापीठांतील संशोधनास लावावा, अशी ही योजना होती. भोंदू लोकांनीं ‘जीवनसत्त्वयुक्त’ अशी चिठ्ठी लावून वाटेल तें विकूं नये, हाहि तिचा हेतु होता. आज अनेक देशांतील विद्यापीठांत शोधांच्या पेटंटांची व्यवस्था पाहणाऱ्या ज्या कचेऱ्या आहेत, त्यांची ही एक थोरली बहीण म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु या योजनेंत एक कांटा होता. विस्कॉन्सिन हें लोण्याचें संस्थान. लोण्याऐवजीं गरीब लोक मार्गारीन नांवाचा स्वस्त पदार्थ खात. आमच्याकडे साजूक तुपाऐवजीं वनस्पती तूप वापरतात तसाच तो प्रकार होय. मार्गारीनमध्यें ‘ड’ जीवनसत्त्व घालण्याची परवानगी संस्थेनें दिली नाहीं, कारण तसें केल्यास लोण्याचा धंदा बुडेल अशी भीति होती. स्थानिक धंद्याचें रक्षण झालें. परंतु मुडदुसाचें भय ज्यांच्या मुलांस सर्वांत अधिक, त्यांच्याच भाकरीवर तें जीवनसत्त्व पोहोंचेना. पुढें हा वाद न्यायालयांत गेला. १९४५ सालीं अपील न्यायालयानें हें पेटंट रद्दबातल ठरविलें, आणि गरिबांच्या अन्नास ही परवानगी नाकारणें लोकहिताच्या विरुद्ध आहे, या मुद्द्याचाहि त्या प्रकरणांत ऊहापोह झाला. १९४६ सालीं संस्थेनें आपले हे हक्क लोकांस मोकळे करून दिले.

यावरून विद्यापीठानें धंद्यांशीं संबंधच ठेवूं नये असें कोणी म्हणेल, तर तें बरोबर होणार नाहीं. त्याच विद्यापीठांतील तिसरी हकीकत ऐका. १९३३ सालच्या फेब्रुवारींत, बर्फाचें वादळ चाललें असतां, एक शेतकरी जवळजवळ दोनशें मैल मोटार हांकीत मॅडिसनला आला. त्याच्या गाडींत एक मेलेली कालवड, गोठत नसलेल्या रक्तानें भरलेली दुधाची कासंडी, आणि ‘स्वीट क्लोव्हर’ नांवाच्या चाऱ्याचें बुरसलेलें गवत होतें. त्याचीं जनावरें रक्तस्राव होऊन मरत होतीं. शनिवार असल्यानें सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद होती. सुदैवानें कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेचें दार उघडें होतें. लिंक यांस त्या दिवशीं त्यास फारसें कांहीं देतां आलें नाहीं. हें गवत घालूं नकोस, एवढेंच सांगतां आलें. परंतु तो शेतकरी गेल्यावर तें रक्त त्यांनीं टाकून दिलें नाहीं. सहा वर्षें काम करून १९३९ सालीं त्यांच्या प्रयोगशाळेनें त्या गवतांतील रक्त गोठूं न देणारें द्रव्य शुद्ध रूपांत वेगळें केलें. त्याच जातीचें दुसरें द्रव्य १९४८ सालीं उंदीर मारण्यासाठीं बाजारांत आलें. त्याचें नांव वॉरफॅरिन; वर सांगितलेल्या संस्थेच्या नांवांतील आद्याक्षरांवरूनच तें पडलें. पुढें १९५४ पासून तेंच द्रव्य योग्य प्रमाणांत मनुष्यास औषध म्हणून देऊं लागले. हृदयांत किंवा शिरांत रक्ताची गांठ होऊं नये म्हणून डॉक्टर आजहि तें देतात. एका गरीब शेतकऱ्याच्या गोठ्यांतील संकट घेऊन विद्यापीठ बसलें, त्याचें फळ साऱ्या जगास मिळालें!

हीच परंपरा पुढें केंद्राच्या रूपानें व्यवस्थित झाली. त्या विद्यापीठांत १९८६ सालीं दुग्धसंशोधन केंद्र स्थापन झालें. तें ज्या इमारतींत आहे तिला बॅबकॉक यांचेंच नांव दिलेलें आहे. लहान कारखानदाराचें चीज कडू कां होतें, लवकर कां नासतें, नवा प्रकार मोठ्या प्रमाणावर करण्यापूर्वीं थोडक्यांत करून कसा पाहावा, असे प्रश्न तेथें येतात. ज्या कारखानदारास स्वतःची प्रयोगशाळा बाळगण्याची ऐपत नाहीं, त्यास विद्यापीठाची प्रयोगशाळा वापरतां येते. आणि प्राध्यापकांस पुस्तकांत न सांपडणारे प्रश्न मिळतात. केंद्राच्या खर्चाचा कांहीं भाग दूध उत्पादक शेतकरीच वर्गणीरूपानें उचलतात.

आमच्या प्रांतांतहि अशीं स्थळें आहेत. मुंबई विद्यापीठानें १९३३ सालीं रासायनिक तंत्रविद्येचा विभाग काढला, तेव्हां शहरांतील कापडगिरण्यांची गरज ओळखून वस्त्ररसायनाचें शिक्षण प्रथमच त्यांत ठेविलें. माटुंग्याची ही संस्था २००८ पासून स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारांत २००७ सालीं ‘व्हेंचर सेंटर’ निघालें. विज्ञानावर आधारलेला नवा धंदा काढूं इच्छिणाऱ्यास तेथें जागा, उपकरणें व सल्ला मिळतो.

या तीन हकीकतींपासून आम्हीं काय घ्यावें? पहिली गोष्ट ही कीं, विद्येचें दार शेजाऱ्यास उघडें असावें. बॅबकॉक यांस प्रश्न गवळ्यांनीं दिला, लिंक यांस तो शेतकऱ्यानें दिला. दुसरी गोष्ट ही कीं, शोध मोकळा सोडावा किंवा पेटंटांत बांधावा, याचें सर्वत्र लागूं पडणारें एकच उत्तर नाहीं. मोकळ्या शोधानें सचोटीचें रक्षण झालें, आणि बांधलेल्या शोधानें संशोधनास पैसा मिळाला. परंतु कोणताहि मार्ग घेतला तरी कसोटी एकच लावावी: ज्याला या ज्ञानाची सर्वांत अधिक गरज आहे, त्याच्यापर्यंत तें पोहोंचतें कीं नाहीं? शेजाऱ्यावर प्रीति करावी हें प्रभूनें शिकविलें, आणि शेजारी कोण या प्रश्नाचें उत्तर त्यानें शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यांत देऊन ठेविलें आहे. तो शेजारी केवळ आपल्या गांवचा, आपल्या जातीचा किंवा आपल्या धंद्याचा असतो असें नाहीं. लोण्याच्या संस्थानाला हीच गोष्ट वीस वर्षें जड गेली.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकीं कांहीं जण पुढें प्रयोगशाळेंत जातील, कांहीं जण वडिलांचा धंदा संभाळतील. जे प्रयोगशाळेंत जातील त्यांनीं गोठ्याकडे पाठ करूं नये. जे गोठ्यांत किंवा दुकानांत राहतील त्यांनीं विद्यापीठाच्या दारावर थाप मारण्यास लाजूं नये. आणि पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलगा किंवा मुलगी कॉलेजांत गेली म्हणजे घरच्या कामाशीं तिचा संबंध तुटला असें त्यांनीं समजूं नये. सुटीस घरीं आलेल्या मुलांपुढें धंद्यांतील अडचणी मनमोकळेपणें मांडाव्या.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. तराजू खरा असूनहि विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्यांस न्याय कां मिळत नव्हता?
२. बॅबकॉक यांच्या रीतींत आम्लाचें काम कोणतें आणि फिरविण्याचें काम कोणतें, तें सांगा.
३. स्टीनबॉक यांच्या पेटंटापासून झालेलें एक हित व एक अहित लिहा.
४. तुमच्या घरच्या किंवा गांवच्या धंद्यांतील अशी एक अडचण शोधून काढा कीं जी एखाद्या प्रयोगशाळेपुढें मांडतां येईल; आणि ती कोणाची अडचण आहे हेंहि लिहा.