गुंफेत किती अंधार असतो?

माझ्या कपाटात एक जुना फोटो आहे. कोकणातल्या आमच्या घराच्या पडवीत आजी बसली आहे. तिच्या मागे दुपारच्या उन्हातले सारवलेले अंगण आहे. अंगण उत्तम आले आहे. तुळशीवृंदावनावरची रेघ न् रेघ दिसते. आजीच्या जागी मात्र नुसती काळी आकृती आहे. नाक नाही, डोळे नाहीत. हा फोटो मी १९८४ साली काढला, मित्राकडून मागून आणलेल्या कॅमेऱ्याने. फिल्म धुऊन हाती येईपर्यंत मी मुंबईला परतलो होतो. पुढच्या पावसाळ्यात आजी गेली. त्या घरातला तिचा दुसरा फोटो नाही.

चूक कोठे झाली? मी कित्येक वर्षे त्या कॅमेऱ्याला दोष देत होतो. खरे उत्तर मिळाले ते शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर, विलेपार्ल्यातल्या एका कार्यशाळेत. प्रवासात फोटो कसे काढावेत, हा तिचा विषय होता. शनिवारी संध्याकाळी पार्ले पूर्वेला पाठ आणि रविवारी सकाळी शेजारच्या अंधेरीतील कोंदिविटे येथे, म्हणजे महाकाली गुंफांत, प्रत्यक्ष काम. सूचनापत्रात लिहिले होते : कॅमेरा किंवा मोबाइल, काहीही चालेल, वही आणि पेन्सिल मात्र हवीच. फोटो काढायला वही कशाला, असे मला वाटले. तुम्हालाही वाटेल.

डोळ्याची साक्ष

कोंदिविट्याला ज्वालामुखीजन्य खडकात कोरलेल्या १९ गुंफा आहेत. त्यांतील ९ क्रमांकाची गुंफा म्हणजे चैत्यगृह. पुढे लांबट दालन, मागे गोल खोली आणि त्या खोलीत स्तूप. गोल खोलीच्या दगडी भिंतीत जाळीच्या खिडक्या आहेत.

आमच्या मार्गदर्शकांनी आम्हाला आधी उन्हात उभे केले, मग आत नेले आणि म्हणाले, "बाहेरच्यापेक्षा इथे प्रकाश किती पट कमी आहे, ते वहीत लिहा." कोणी ५ लिहिले, कोणी १०. मी धाडस करून २० लिहिले. मग त्यांनी प्रकाशमापक काढला. उत्तर निघाले सुमारे २,०००!

दहावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, पण मला तर आत सगळं दिसतंय!"

हाच तर मुद्दा आहे. आपला डोळा प्रकाश मोजत नाही, तो जुळवून घेतो. उन्हात बाहुलीचा व्यास सुमारे २ मिलिमीटर असतो, तर अंधारात तो तरुणपणी ७–८ मिलिमीटरपर्यंत वाढतो. व्यास चौपट झाला की क्षेत्रफळ सोळापट होते. उरलेले काम दृष्टिपटलातील पेशी करतात. अंधारात त्यांची संवेदनक्षमता हळूहळू वाढत जाते आणि ती पुरती वाढायला २० ते ३० मिनिटे लागतात. शिवाय मेंदू प्रत्येक भागाची वेगळी दुरुस्ती करतो. म्हणून उन्हातले अंगण आणि सावलीतला चेहरा आपल्याला एकाच वेळी दिसतात. कॅमेरा मात्र एका फोटोसाठी सर्वत्र एकच माप लावतो.

तीन चाव्या

नळाखाली बादली भरायची आहे. नळ किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, एवढेच आपल्या हाती असते. कॅमेऱ्यातही तसेच आहे. भिंगाजवळचे छिद्र म्हणजे नळाचे तोंड, आणि झडप म्हणजे शटर जितका वेळ उघडे राहते तो वेळ.

छिद्राचे माप एफ क्रमांकाने सांगतात. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा क्रमांक मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र १२.५ मिलिमीटर असेल तर एफ ४. क्रमांक मोठा तितके छिद्र लहान. २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या मालिकेत प्रत्येक पुढच्या पायरीला प्रकाश निम्मा होतो. हे आकडे असे विचित्र का? क्षेत्रफळ निम्मे करायचे तर व्यासाला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ ने, भागावे लागते. करून पाहा.

तिसरी चावी आयएसओ. आलेल्या प्रकाशाचा संकेत किती वाढवायचा, हे ती ठरवते. ती जास्त प्रकाश आणत नाही, हे लक्षात ठेवा.

आता हिशेब मांडू. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० असेल तर एफ १६ आणि १/१२५ सेकंद हे माप साधारण बरोबर येते. गुंफेत प्रकाश २,००० पट कमी. १ ला २ ने ११ वेळा गुणत गेलो, तर २,०४८ येतात. म्हणजे आपल्याला ११ पायऱ्या भरून काढायच्या आहेत.

छिद्र एफ १६ वरून एफ २.८ : ५ पायऱ्या, ३२ पट.
वेळ १/१२५ वरून १/६० : १ पायरी, २ पट.
आयएसओ १०० वरून ३२०० : ५ पायऱ्या, ३२ पट.

३२ × २ × ३२ = २,०४८. हिशेब जुळला!

वेळ आणखी का वाढवली नाही? हात हलतो म्हणून. ५० मिलिमीटरच्या भिंगाला १/५० सेकंदापेक्षा जास्त वेळ देऊ नये, असा ढोबळ नियम आहे. तिवई असती तर सेकंदभरही वेळ देता आला असता. पण गुंफा संरक्षित स्मारक आहे, तेथे तिवई लावायला आधी परवानगी घ्यावी लागते.

फुकट काही नाही

प्रत्येक चावीची किंमत मोजावी लागते. छिद्र मोठे केले की स्तूप स्पष्ट येतो, पण जवळची दाराची चौकट अस्पष्ट होते. वेळ वाढवला की चालणारी माणसे पुसट होतात. आयएसओ वाढवला की फोटो दाणेदार दिसतो.

हे दाणे कोठून येतात? वळवाच्या पावसाचे पहिले थेंब अंगणातल्या फरश्यांवर पडताना पाहा. एका फरशीवर चार, शेजारच्या फरशीवर एकच. जोराचा पाऊस झाला की सगळ्या फरश्या सारख्याच भिजतात. प्रकाशही कणाकणाने, फोटॉनच्या रूपात येतो. सरासरी १०,००० फोटॉन येत असतील तर त्यात साधारण १०० चा, म्हणजे १ टक्क्याचा, चढउतार होतो. १०० च येत असतील तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के! आयएसओ संकेत वाढवताना हा चढउतारही वाढवतो.

जुन्या मुंबईतला वर्ग

मुंबईत छायाचित्रण शिकायची परंपरा फार जुनी आहे. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग भरू लागला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे पेशाने डॉक्टर. तेही त्या सोसायटीचे सदस्य होते. त्या काळात प्रसार पावत असलेल्या कलोडियन पद्धतीत काचेवर रसायन चढवून, ती काच ओली असतानाच फोटो घेऊन लगेच धुवावी लागे. प्रवासाला निघायचे तर काळोखी तंबू, काचा आणि रसायनांच्या बाटल्या बरोबर न्यायच्या. प्रकाश अनुभवाने अजमावायचा. एक काच वाया गेली की सारे पुन्हा पहिल्यापासून. साहजिकच, आधी हिशेब आणि मग फोटो!

आजीचा फोटो

त्या दुपारी गुंफेच्या पायरीवर बसून मी मार्गदर्शकांना आजीच्या फोटोविषयी विचारले. ते म्हणाले, "कॅमेऱ्याने बरोबरच मोजलं. तुम्ही त्याला अंगण मोजायला सांगितलंत."

कॅमेऱ्यातला मापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे, असे धरून चालतो. माझ्या चौकटीत बहुतेक भाग उन्हाचा होता. मापकाने तो मध्यम केला आणि आजी काळोखात गेली. मी दोन पावले पुढे जाऊन तिच्या चेहऱ्यावरचा प्रकाश मोजला असता, किंवा तिला अंगणाकडे तोंड करून बसवले असते, तर? अंगण पांढरे पडले असते. पण आजी दिसली असती. काय मोजायचे हे यंत्र ठरवत नाही, ते आपण ठरवायचे.

वहीत मी त्या दिवशी एवढेच लिहिले : आधी काय हवे ते ठरव, मग तिथला प्रकाश मोज.

करून पाहा

१. दुपारी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवा. मोबाइलच्या पडद्यावर आधी खिडकीवर बोट ठेवून फोटो काढा, मग चेहऱ्यावर बोट ठेवून. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहा.

२. उन्हातून अंधाऱ्या खोलीत जा. वहीतली मोठी अक्षरे कितव्या मिनिटाला वाचता येतात, ते नोंदवा.

३. एफ ५.६ आणि १/२५० सेकंद हे माप बरोबर आहे. छिद्र एफ ११ केले तर वेळ किती द्यावा? (उत्तर : २ पायऱ्या, म्हणजे चौपट, सुमारे १/६० सेकंद.)

पहिल्या प्रयोगातला चांगला फोटो पुसून टाकू नका. तो जपून ठेवा.