वाढणारे यकृत बदलावे का लागते?

निरोगी यकृताचा अर्ध्याहून अधिक भाग शस्त्रक्रियेने काढला, तरी उरलेला भाग काही महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्वीएवढा होतो. मग काही रुग्णांचे सबंध यकृत बदलावे का लागते?

यकृतातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. त्यातील बराचसा भाग आतड्यांकडून एका मोठ्या शिरेने येतो आणि पेशींच्या रांगांमधील सूक्ष्म वाहिन्यांतून पुढे जातो. हिपॅटायटिस बी व सी यांचे विषाणू, मद्य किंवा यकृतात साठलेली चरबी यांमुळे वर्षानुवर्षे इजा होत राहिली, की तेथे चिवट तंतूंचे व्रण तयार होतात. नव्या पेशी निर्माण होतात. पण तंतूंच्या जाळ्यात सापडून त्यांच्या गाठी बनतात. यालाच सिऱ्हॉसिस म्हणतात. पेशी वाढल्या, पण रक्ताच्या वाटा पूर्ववत झाल्या नाहीत!

बारीक नळीतून वाहणाऱ्या द्रवासंबंधी प्वाझेय यांचा नियम असा, की नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाहाला होणारा रोध सोळापट होतो. यकृतातील वाहिन्या काही काचेच्या नळ्या नव्हेत. तरी वाट अरुंद झाली की रक्त मागे तुंबणारच. मग शिरेतील दाब वाढतो, पोटात पाणी साचते, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. रक्तातील अमोनियासारखे विषारी पदार्थ मेंदूपर्यंत पोचून गुंगी येते. उपचारांनी हे आवरेनासे झाले, म्हणजे यकृतरोपणाचा विचार करतात.

कधी वाढायला वेळच मिळत नाही. पॅरासिटामॉलच्या गोळ्या अतिप्रमाणात घेतल्याने, उंदीर मारण्याच्या औषधातील पिवळ्या फॉस्फरसने किंवा क्वचित साध्या काविळीतही यकृत थोड्या दिवसांत निकामी होते. यकृतातच असलेल्या काही कर्करोगांतही रोपण करतात.

तान्ह्या मुलांत मुख्य कारण वेगळे असते. पित्तनलिका बुजलेल्या असल्याने पित्त आतच साठून यकृत खराब होते. बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली व शौचाचा रंग पांढुरका असला, तर त्वरित डॉक्टरांना दाखवावे. वेळेवर केलेल्या शस्त्रक्रियेने रोपण टळू किंवा लांबू शकते.

भारतातील पहिले यशस्वी यकृतरोपण १९९८ साली अशाच एका बालकावर झाले. यकृताचा तुकडा वडिलांनी दिला होता. असे दान शक्य होते, कारण दात्याचे उरलेले यकृत पुन्हा वाढते आणि दिलेला तुकडाही मुलाबरोबर वाढतो. रुग्णाच्या यकृताने गमावलेली शक्ती अशी दुसऱ्याच्या निरोगी यकृतातून त्याला परत मिळते.