आकडे जुळले म्हणजे सिद्धता झाली नाही

अकरावी-बारावीच्या मुलांना त्रिकोणमिती शिकवताना एक गोष्ट हमखास दिसते. ‘कोसाइन २०° × कोसाइन ४०° × कोसाइन ८०° = १/८ हे सिद्ध करा’ असा प्रश्न दिला, की हात आधी कॅल्क्युलेटरकडे जातो. उत्तर ०.१२५ येतं आणि मूल ‘सिद्ध झाले’ लिहून मोकळं! एका हुशार मुलीनं तर वादच घातला, “सर, आकडे जुळतायत, अजून काय पाहिजे?” मी तिला साइन ४०° आणि ९/१४ काढायला सांगितलं. तीन दशांश स्थळांपर्यंत दोन्ही ०.६४३. चौथ्या स्थळाला मात्र एक ०.६४२८, दुसरा ०.६४२९. मुळात ०° ते ९०° मधल्या पूर्ण अंशांच्या कोनांत साइन परिमेय येते ती फक्त ०°, ३०° आणि ९०° ला. वाद तिथंच मिटला. कॅल्क्युलेटर पडताळणीला जरूर वापरा, पण सिद्धता त्याच्यावर सोपवू नका.

दुसरा खड्डा दोन्ही बाजूंचा वर्ग करण्याचा. समजा, कोणी लिहिलं: साइन १५° = (√२ − √६)/४. वर्ग केला की दोन्हीकडे (२ − √३)/४ येतं, सगळं छान जुळतं. पण √२ − √६ ऋण आहे आणि साइन १५° धन! विधान चूक, वर्ग बरोबर. वर्ग केलाच, तर दोन्ही बाजूंची चिन्हं तपासून तसं लिहा.

मग करायचं काय? सूत्र आठवण्याआधी कोन बघा. २०, ४०, ८० यांत प्रत्येक कोन आधीच्याच्या दुप्पट आहे. म्हणून डाव्या बाजूला ८ साइन २०° नं गुणा. २ साइन २०° कोसाइन २०° चे साइन ४०° होतात, पुढे तसेच साइन ८०°, शेवटी साइन १६०°. २०° आणि १६०° पूरक कोन, म्हणून साइन १६०° म्हणजे साइन २०° च. ती शून्य नाही, म्हणून तिनं भागता येतं, उरतं १/८. ‘शून्य नाही’ हे दोन शब्द मुलं गाळतात, आणि सिद्धता तिथंच लंगडी पडते.

१८° दिसला, तर पाचपट ९०° होते हे हेरा. दुप्पट आणि तिप्पट कोन एकमेकांचे कोटिकोन ठरतात आणि त्यातून वर्गसमीकरण मिळतं. त्याची धन उकल (√५ − १)/४. भास्कराचार्यांनी ‘ज्योत्पत्ती’त १८° ची ज्या (म्हणजे साइन) सांगितली आहे, ती त्रिज्या १ धरल्यास हीच.

तेव्हा मुलांनो, सूत्रांचा तक्ता पाठ असू द्या, पण पेन उचलण्याआधी कोनांची बेरीज, दुप्पट आणि तिप्पट करून पाहा. वाट बहुतेक वेळा तिथंच सापडते.